पुढे जाऊ?

आरोग्य केंद्रातल्या खुर्चीत हेमलता आ वासून बसली होती. मानेचं हाड मज्जारज्जूवर दाबत असल्याने तिचे हात वर्षभर बधिर होते. आता मुंगीएवढं यंत्र तोंडावाटे घशामागे शिरून ते हाड कुरतडत होतं.

“बोटं हलवा, ताई,” नर्स रुक्साना म्हणाली.

मघाशी थोडी हलणारी बोटं आता हलेनात. यंत्र थांबलं. पडद्यावर प्रश्न उमटला: पुढे जाऊ? केंद्रात डॉक्टर नव्हताच. उत्तर रुक्सानालाच द्यायचं होतं.

हेमलताला ओरडताही येईना. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

“मी आहे ना,” तिचा हात धरत रुक्साना म्हणाली आणि तिने ‘हो’ दाबलं.

घशामागे काहीतरी कट्कन तुटलं. मग हेमलताच्या हाताला जाणवलं, रुक्सानाचा तळवा घामाने भिजला होता.