बाल्कनीतला पुकारा

“पट्टा खुंटीला टांगला की मी साधा माणूस, मॅडम,” पुकारा करणारा शिपाई म्हणाला. “घरच्या बाल्कनीतून मी काय बोलतो, त्याचा कोर्टाशी काय संबंध?”

चौकशी करणाऱ्या न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “पट्टा खुंटीला टांगता. आवाज कुठे टांगता?”

लेखनिक टाइप करता करता हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

समोरच्या खुर्चीत शिपायाची शेजारीण ताठ बसली होती. शिवणाच्या कारखान्यातून ती घरी यायला लागली, की हा बाल्कनीत उभा राहून खास कोर्टातला गळा लावायचा आणि तिचा पुकारा करायचा. गल्ली खिदळायची. पोरं तर खेळ थांबवून त्या वेळेची वाट बघायची. हल्ली तिची शाळकरी लेक रस्त्यात तिच्यासोबत चालायचीच नाही. मागे मागे राहायची, ओळख नसल्यासारखी.

“नेमके शब्द नोंदवावे लागतील,” न्यायाधीशबाई तिला म्हणाल्या. “काय म्हणायचे हे?”

“मी का म्हणू? ज्याचे शब्द त्याच्याच तोंडून येऊ देत.”

शिपायाने खाली मान घालून काहीतरी पुटपुटलं.

“हे असलं नव्हतं, मॅडम,” शेजारीण म्हणाली. “हे भाऊ गल्लीच्या टोकाच्या बेकरीपर्यंत ऐकू जायचे. अशी कुजबुज असती तर मी इथवर चपला झिजवल्या असत्या का?”

न्यायाधीशबाई शिपायाकडे वळल्या. “दारात जा. रोज म्हणायचात तसंच म्हणा.”

“मॅडम, बाहेर माणसं आहेत.”

“बाल्कनीखालीही होती.”

व्हरांडा वकिलांनी, पक्षकारांनी गच्च भरला होता. दाराशीच शिपायाची लग्न झालेली मुलगी उभी होती. बाबांच्या चांगल्या वागणुकीची साक्ष द्यायला ती मुद्दाम रजा टाकून आली होती. त्याला बघताच ती पुढे झाली. “बाबा, मला बोलावलं?”

भिंतीकडे बघत त्याने तोंड उघडलं.

“नवऱ्याने टाकलेली बाई हाजिर हो...”

हळू म्हणणार होता. पण इतक्या वर्षांचा तयार गळा तो, थेट जिन्यापर्यंत घुमला. एकेक मान वळली आणि सगळ्यांच्या नजरा दारापाशी उभ्या असलेल्या एकट्या बाईवर येऊन थांबल्या. एक म्हातारे वकील बाजूला सरकले, तिला वाट करून दिली.

“जा ताई आत,” ते मायेनं म्हणाले. “तुमचाच पुकारा झालाय.”

मुलगी हलली नाही. बापाकडे नुसती बघत राहिली.

दाराची चौकट धरून शिपाई आत वळला. “झालं, मॅडम.” आवाज कसाबसा निघाला.

शेजारणीने मांडीवरची पिशवी नीट केली.

“एकदाच झालं,” ती म्हणाली. “कोर्टात तीनदा पुकारतात ना, भाऊ?”