ठणठणीत

आइस हॉकीच्या प्रत्येक सामन्याआधी संघाचा म्हातारा मदतनीस गस कागदी पेल्यांचा ट्रे घेऊन बाकांपुढून फिरायचा. जो तो आपले पुढचे खोटे दात काढून पेल्यात टाकायचा आणि बर्फावर उतरायचा. खरे दात कधीच कुणाच्या तरी काठीनं पाडलेले असायचे.

लुसिएनपाशी आला की गस हसायचा. "तुझा पेला रिकामाच की रे! थांब, एकदा कोच खेळवू दे तुला, मग भरेल."

कोचनं अख्खा हिवाळा लुसिएनला बाकावरच बसवून ठेवलं आणि मार्चमध्ये त्याच्या हातात गावाचं तिकीट ठेवलं.

गावाच्या अलीकडच्या जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबायची. लुसिएन उतरला, तो थेट स्टेशनासमोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसला.

"पुढचे दोन काढा."

डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं. "वेडबिड लागलंय का तुला? एकसुद्धा किडलेला नाही. ठणठणीत आहेत सगळे!"

"म्हणूनच काढा," लुसिएन म्हणाला. "पुढच्या स्टेशनवर बाबा आलेत न्यायला, खाणीतल्या सगळ्या दोस्तांना घेऊन. भेटल्या भेटल्या म्हणतील, हस बघू."