काकाचं काय करायचं?

पीसीवरचे नवे गेम खेळून ते कसे आहेत ते यूट्यूबवर सांगायचं, हे माझं काम. परवा कुंभिवलीच्या घरी एका गाजलेल्या गेमचा दुसरा भाग संपवत आणला होता. नकाशा भलामोठा, घोडे झकास, पण गोष्ट जुनीच. काका जमीन बळकावतो आणि पुतण्या सूड घेतो.

बाबा शेतावरून येऊन माझ्या मागे उभे राहिले. आमचा गजाकाका दरवर्षी लावणीच्या आधी मधला बांध हातभर आमच्या शेतात सरकवतो. त्यामुळे गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

शेवटी गेममधला काका गुडघ्यांवर आला आणि पडद्यावर दोन पर्याय आले. मारायचं की सोडायचं?

"सोड त्याला," बाबा म्हणाले.

गजाकाकाचं नाव काढलं तरी ताटावरून उठणारा माणूस हे सांगत होता. मी माउस तसाच धरून बसलो.

"मेला तर त्याला काय दिसनार रं? जित्ता ऱ्हाऊ दे. उद्या शेतावर येऊन बघंल ना."

मी वळून पाहिलं.

त्यांच्या हातातल्या फावड्यावर बांधाची माती अजून ओली होती.