लाल गाडीचा खुराक

“गाडी झ्याक हाय. पण साहेब, हिचा खुराक काय?” आण्णांनी विचारलं.

शशिकांत सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होता. बदलापुरातल्या त्याच्या घरापुढे दोन दारांची ती लाल परदेशी स्पोर्ट्स कार विकण्यासाठी धुऊनपुसून उभी होती. आण्णा मोरिवलीचे. अर्धी जमीन कारखान्यांत गेली, उरलेलीवर भात, शिवाय दोन ट्रक. त्यांचा मुलगा धर्मराज नुकताच कात्रपपर्यंत गाडी फिरवून आला होता आणि त्याच्या तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं.

“खुराक म्हणाल तर काहीच नाही,” शशिकांत म्हणाला. “पेट्रोल घाला आणि चालवा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. बस्स.”

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण हे वाक्य त्यानं आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. सोमवारी मीनलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पैसे भरायचे होते. नाही भरले तर पोरीची जागा दुसऱ्या कुणाला जाणार. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर झाला म्हणून काय, एवढी रक्कम आणणार कुठून? होतं नव्हतं ते सगळं या लाल बयेनं गिळलं होतं. आठ वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं जुनी झाली म्हणून ती स्वस्तात काढली, तेव्हा या गृहस्थानं गल्लीभर पेढे वाटले होते. अशी गाडी घ्यायला पैसे लागत नाहीत, ठेवायला लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर? त्याच्या बायकोनं, कुंदानं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं.

म्हणूनच आज त्यानं तिला बजावून ठेवलं होतं. चहा आणायचा, हसायचं, आणि तोंड उघडायचं नाही.

आण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवला. मग टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि धर्मराजला म्हणाले, चल, ही आपल्या कामाची नाय.

शशिकांत लगबगीनं आडवा आला. त्यानं किंमत कमी केली. लगोलग आणखी कमी केली. आण्णा नुसते मान हलवत राहिले. त्यांनी तीस वर्षं शर्यतीचे बैल पाळले होते. आता गुडघे गेले, बैलामागे पळायला माणसं मिळेनात, म्हणून तर त्यांची नजर या गाडीवर गेली होती. जाता जाता त्यांनी कारण सांगितलं, तेही अगदी मायेनं.

“राग मानू नका साहेब. नांगराचा बैल पेंढ्यावर जगतो. शर्यतीच्या बैलाला दूध लागतं, अंडी लागतात, उडदाचं पीठ लागतं. घरातल्या पोरांच्या आधी त्याला घालावं लागतं. जे काही खात नाय, ते धावत पण नाय. वरून रंग मारलाय, आतून म्हातारी हाय ही.”

खोटं पकडलं गेलं असतं तर शशिकांतला एवढं लागलं नसतं. इथे त्याचं खोटं खरं मानूनच गिऱ्हाईक उठलं होतं. आता खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

तेवढ्यात दारात चहाचा ट्रे खाडकन वाजला. “काही खात नाही?” कुंदा म्हणाली.

आणि मग जे सुटलं ते सुटलंच. मुंबईहून दोनदा आणलेली क्लच प्लेट. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात न मिळणारे ते रुंद टायर. अंबरनाथच्या रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्यावर आपटलेला आणि दर वेळी फुटलेला सायलेन्सर. उल्हासनगरातला सिंधी मेकॅनिक, जो ब्रेकचा पार्ट हातानं घडवून द्यायचा आणि सोनाराच्या वर पैसे घ्यायचा. गिअरबॉक्समध्ये तिच्या पाटल्या गेल्या. टायरांत तिचं पोस्टातलं रिकरिंग गेलं. सहा वर्षं रोज संध्याकाळी दुसऱ्यांची पोरं घरी शिकवली, ते सगळं ब्रेकमध्ये गेलं. फ्रिज अजून आलेला नाही. आणि हे म्हणतात, काही खात नाही.

शशिकांतनं मान खाली घातली. यातलं त्याला नवं काहीच नव्हतं, पण एकापाठोपाठ एक असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याला लाज वाटली. सोमवार हातचा गेला, असंही वाटलं.

आण्णा मात्र पायरीवर बसले होते. बशीत ओतलेला चहा तसाच धरून ते मन लावून ऐकत होते आणि प्रत्येक खर्चाला मान डोलवत होते. कुंदा दमून थांबली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की हे सगळं घातल्यावर धावते का?

“धावते,” कुंदा म्हणाली. “तेवढं खोटं नाही.”

आण्णांनी चहा संपवला आणि पहिल्यांदा सांगितलेली किंमत कबूल केली, कमी केलेली नव्हे. धर्मराजनं पिशवीतून पैसे काढून ओट्यावर ठेवले. शशिकांतचे डोळे भरून आले. त्यानं घाईघाईनं खिशातून किल्ली काढली आणि पुढे धरली. आण्णांनी हात मागे घेतला.

“तुम्ही नुसती हाकली, साहेब. पोसली ती या बाईंनी. दावं मी त्यांच्याच हातून घेईन.”