पानात अडकलेली साखर

चाकूरजवळच्या शिवारात सगळ्यांचं सोयाबीन काढणीला येऊन पिवळं पडलं, केरबाचं मात्र हिरवंगार राहिलं. तो खुशीत होता, पण कृषी महाविद्यालयात शिकणारी त्याची लेक लुंबिनी धास्तावली. झाडांना शेंगा नावालाच होत्या. पहाटे तोडलेलं पान तिनं स्पिरिटमध्ये उकळून आयोडीनमध्ये बुडवलं. ते काळंनिळं झालं. “हे काय?” केरबानं विचारलं. “बाबा, पानातली साखर रातभर शेंगांकडं जाती. शेंगाच न्हाईत, म्हणून ती पीठ होऊन पानातच साचली; आयोडीननं तेच काळंनिळं दिसतंय. आता पान नवी साखर करीना. हिरवं दिसतंय, पर कामातून गेलंय.” केरबानं चपला घातल्या. “शेजारच्या रामलिंगला बियाण्याचा शब्द दिलाय. दुसरीकडं बघ म्हणून सांगावं लागंल. तू बी चल,” तो दारातून म्हणाला, “मला हे साखरेचं सांगता यायचं न्हाई.”