गाऱ्हाण्याचा अर्ज

दत्तारामकाकांच्या अर्जापायी बाबू शिपाई सकाळीच ग्रामपंचायतीच्या माळ्यावर चढला होता. कागदांची तीन गाठोडी खाली आली. चौथ्यातून विंचू निघाला, तेव्हा त्याने वरूनच जाहीर केलं, "मॅडम, पाचव्यात मी हात घालूचंय नाय. व्हयी ती म्हायती इंचवाक इचारा."

अपेक्षा हसली आणि पुन्हा अर्जाकडे वळली. गावची ग्रामपंचायत अधिकारी तीच आणि माहिती अधिकारातल्या अर्जांना उत्तर देणारीही तीच. समोरच्या अर्जात लिहिलं होतं: 'ग्रामपंचायत स्थापन झाली तेव्हापासून आजपर्यंत गावच्या रस्ते-पाणंदींचे, विहिरी-नळांचे, दिवाबत्तीचे, शाळा-स्मशानांचे, ओढे-व्हाळांचे, पूल-साकवांचे सर्व कागद मिळावेत. सांगताना काही चुकले-माकले असल्यास तेही त्यात धरावे.'

अर्जदार समोरच बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. दत्तारामकाका म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. देवापुढे उभं राहून गावासाठी मागायचं आणि मागताना कुणाला वगळायचं नाही, ही हयातभराची सवय. सरकारपुढेही त्यांनी तेच केलं होतं.

एका अर्जात एकच विषय, असा नियम आहे. 'अर्ज मोघम आहे' एवढा शेरा मारून अपेक्षाला मोकळं होता आलं असतं. मनात आलंही तिच्या. पण म्हातारा उन्हातून चालत आला होता. तिने बाबूला माळ्यावरून उतरवलं आणि चहा सांगितला.

"काका, एवढ्या कागदांत तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"सगळाच."

"सगळं कशाला?"

"एक सांगलंय नि दुसरा रवला तर? गाऱ्हाण्यात एका वाडीचा नाव रवला तर ती वाडी वरसभर फुगान बसता."

"इथे कुणी फुगत नाही. तुम्ही सगळं मागितलंत की आम्ही दमतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही."

"नि इंचू चावता तो येगळो," चहा ठेवता ठेवता बाबू म्हणाला.

अपेक्षा मूळची देवगडची. तिने कचेरीतली मराठी बाजूला ठेवली. "काकानू, गावाचा रवांदे. तुमका सवताक काय व्हया?"

काकांनी चहाची बशी उचलली. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या सुनेला मूल, कुणाच्या होडीला मासळी, सगळं त्यांनी देवाकडे मागून दिलं होतं. स्वतःच्या नावाने मागायची वेळ आली तशी म्हातारा नव्या नवरीसारखा लाजला.

"गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपल्यासाठी मागूचा नसता, बाय."

"ह्या देऊळ नाय. हय आपल्यासाठीच मागतत."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "व्हाळापलीकडे माझी भयण रवता. लक्ष्मी. व्हाळावरचो लाकडी साकव व्हावान गेलो नि तिचा येणा बंद झाला. रिक्षान आचऱ्यावरसून फिरान येवक व्हया, नि तिची ढोपरा धरलेली. रोज सकाळी काठार येवन हाक मारता, 'आज काय रांधतंस रे?' मी हयसून सांगतंय. आता तिका ऐकाक कमी येता. मी 'बांगडो, बांगडो' म्हणान आराडतंय नि ती नुसती हात हलयता."

अपेक्षाने मोठा अर्ज बाजूला ठेवला. तिने कोरा कागद पुढे सरकवला. "एवढाच लिवा. साकवाचो कागद खंय अडकलो, तितक्याच."

काका लिहायला बसले. एक शब्द लिहायचा, मोठ्याने वाचायचा, मग पुढचा. दोनदा त्यांचा हात 'तसेच गावातील इतर' कडे वळला आणि दोन्ही वेळा अपेक्षाने पेन धरून ठेवलं. शेवटी कागदावर एकच ओळ उरली: 'व्हाळावरच्या साकवाचा प्रस्ताव आज कोणाच्या टेबलावर आहे?'

"लयच बारको झालो गो," काका हिरमुसून म्हणाले.

"बरो झालो," म्हणत अपेक्षाने कागद हातात घेतला, वाचला आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

साकवाचा प्रस्ताव. इथे रुजू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो तिच्यासमोर आला होता. ठराव होता, नकाशा होता, सही करून तालुक्याला धाडायचा एवढंच बाकी होतं. पाऊस सरू दे, मग पाठवू, म्हणून तिने तो खणात ठेवला. तो पाऊस सरला, पुढचाही सरला, आणि खणातला कागद ती विसरूनच गेली. मघाचा अर्ज तसाच राहिला असता तर गाठोड्यांच्या त्या ढिगाऱ्यात ही गोष्ट कुणाच्या बापालाही सापडली नसती. तिनेच खपून, चहा पाजून, अर्ज स्वतःच्या खुर्चीपर्यंत आणून सोडला होता.

उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर सही होऊन कागद पुढे गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. अपेक्षाने एकदा बाबूकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग खण ओढला आणि फाइल टेबलावर ठेवली.

"माझ्या टेबलावर," ती म्हणाली. "काका, चूक माझी. माझीच सही राहिली."

तिने सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. बाबूच्या हातात फाइल देऊन म्हणाली, "आत्ताच्या आत्ता तालुक्याला. पोच घेतल्याशिवाय येऊ नको." बाबूने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि मोटारसायकलची चावी उचलली.

काका उघड्या खणाकडे बघत राहिले. आता हे रागावणार, असं अपेक्षाला वाटलं आणि तिने मान खाली घातली. पण म्हातारा हसायला लागला. आधी मिशीत, मग खांदे हलवून, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"नि मी हय देवाक बोल लावतंय," सदऱ्याच्या बाहीने डोळे पुशीत ते म्हणाले, "'देवा, इतकी वर्सा गावासाठी राबलंय नि माझ्या एका साकवाक तुका सवड नाय' म्हणान! त्या बिचाऱ्याक तरी मिया नेमका खंय सांगलंय!"