भुरीची अकरा बीजं

माळावर आलेल्या फिरत्या प्रयोगशाळेची बॅटरी बसली, तेव्हा भुरीची अकरा बीजांडं पिकायला अजून सहा तास हवे होते. भुरी मेंढी काल साथीत गेली होती. तिचा वंश राहावा म्हणून तिच्या पोटातली बीजांडं काढून, रोग धुऊन, ती एका नळीत घालून पेटीत उबेला ठेवली होती. आता पेटी गार पडत चालली होती.

डॉक्टर मृण्मयीनं नळी पेटीतून काढून झटकन स्वतःच्या काखेत धरली.

“आपल्या अंगाची ऊब मेंढराला पुरत न्हाई, डॉक्टरीणबाई,” मेंढरांची मालकीण ताराक्का म्हणाली. कोकरं छातीशी धरून तिची हयात गेली होती.

डॉक्टरनं नळी पुढे केली. खरोखरच दोन अंश कमी पडत होते.

ताराक्कानं नळी घोंगडीच्या चिंधीत गुंडाळली, कळपातून एक काळी मेंढी ओढून आणली आणि तिच्या मांडीच्या बेचक्यात, लोकर नसते तिथं, नळी पक्की बांधली. मेंढीनं लाथ झाडली. ताराक्कानं तिला गुडघ्यांत दाबून धरलं.

“सहा तास थांबेल ही?”

“मी सोडतीय व्हय तिला!” ताराक्कानं मेंढीच्या कानामागं खाजवलं. “भुरीचीच लेक हाय ही. पाठची भावंडं हिनं न्हाई सांभाळायची, तर कुणी?”